शाळेच्या ग्रंथालयाचा पैसा पावसाळ्यात मागा

मध्य प्रदेशाचा अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये विधानसभेत मांडला जातो. 2025 मध्ये तो 12 मार्चला मांडला गेला, आकडा होता 4 लाख 21 हजार कोटी रुपयांचा. दुसऱ्या दिवशी जबलपूरच्या वर्तमानपत्रांत शहराला काय मिळालं याच्या चौकटी येतात. रस्ते, पूल, दवाखाने, नवीन इमारती. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी गोष्टींच्या पुस्तकांना किती रुपये मिळाले, हे त्या चौकटींत नसतं. मग कोणी तरी पालक, निवृत्त शिक्षक किंवा महिला मंडळाच्या ताई आमदारांकडे अर्ज घेऊन जातात, आमदार तो आदराने घेतात आणि पुढे काही होत नाही.

यात आमदारांची इच्छा कमी पडते असं दर वेळी नसतं. वेळ चुकलेली असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 प्रमाणे विधानसभा अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. ती वाढवू शकत नाही. प्रत्येक मागणीला राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात ती सरकारकडूनच यावी लागते. मार्चमध्ये सभागृहात आलेल्या मागणीत एकही आमदार ग्रंथालयासाठी एक रुपया घालू शकत नाही. जे घालायचं ते त्याआधी, विभागाचे प्रस्ताव तयार होत असताना घालावं लागतं. ते काम पावसाळ्यात सुरू होतं.

हा लेख जबलपूरच्या मराठी वाचकांसाठी आहे, पण त्यातली वाट कुठल्याही राज्यातल्या पालकांना उपयोगी पडेल. मध्य प्रदेशात 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 12 लाख मराठी भाषक आहेत. रेल्वे, तोफगाडी कारखाना, उच्च न्यायालय, शाळा-कॉलेजं यांच्या निमित्ताने आपली कुटुंबं या शहरात रुजली. गोलबाजारातल्या महाराष्ट्र शाळेपासून गणेशोत्सव मंडळांपर्यंत आपल्याकडे संघटना आहेत, लिहिणारे हात आहेत, सरकारी कागद वाचू शकणारे निवृत्त लोक आहेत. ही ताकद फक्त आपल्या मुलांसाठी राखून ठेवू नये. ज्या मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय एकही पुस्तक नाही, त्याच्यासाठी ती वापरावी. शाळेचं ग्रंथालय खऱ्या अर्थाने त्याचंच आहे.

आधी हक्क समजून घ्या

आपण मेहेरबानी मागत नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट मागतो आहोत. हे मनात पक्कं असलं की अर्जाची भाषा आपोआप सरळ होते.

शिक्षणाचा हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी किमान निकष दिले आहेत. त्यात ग्रंथालय आहे, आणि त्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख आहे, हे लक्षात ठेवा. सराव प्रश्नसंच आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांनी भरलेलं कपाट या निकषात बसत नाही.

याच कायद्याच्या कलम 21 मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. मध्य प्रदेशात तिला शाला प्रबंधन समिति म्हणतात. तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. कलम 22 प्रमाणे ही समिती शाळा विकास योजना तयार करते, आणि सरकारने द्यायच्या अनुदानाला हीच योजना आधार असेल असं कायदा म्हणतो. हे वाक्य पालकांच्या हातातलं सर्वांत मोठं साधन आहे, आणि सर्वांत कमी वापरलेलंही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शाळेची आणि सार्वजनिक ग्रंथालयं मोठ्या प्रमाणात वाढवण्याबद्दल बोलतं. विशेषतः खेड्यांत शाळेचं ग्रंथालय शाळेच्या वेळेनंतर गावालाही खुलं असावं, असं त्यात म्हटलं आहे. धोरण म्हणजे पैसा नव्हे, पण अर्जात त्याचा दाखला द्यावा. आपल्याच धोरणाला विरोध करणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

पैसा कुठून येतो

सरकारी शाळांच्या ग्रंथालयाला पैसा येण्याच्या मुख्य वाटा दोन.

पहिली वाट समग्र शिक्षा योजनेची. 2018-19 पासून चालू असलेल्या या योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ती 5,000 रुपयांपर्यंत आहे. मध्य प्रदेशासारख्या राज्यात योजनेचा 60 टक्के खर्च केंद्र आणि 40 टक्के राज्य उचलतं. या 40 टक्क्यांची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात करावी लागते. शाळेची योजना जनशिक्षा केंद्र (जवळच्या शाळांच्या गटाचं केंद्र) आणि विकासखंडातून जिल्हा शिक्षा केंद्राकडे, तिथून भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडे आणि शेवटी दिल्लीतल्या प्रकल्प मान्यता मंडळाकडे जाते. मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त शिक्षण मंत्रालय प्रसिद्ध करतं. ग्रंथालय या बाबीखाली राज्याला काय मंजूर झालं, हे कोणालाही त्यात वाचता येतं.

दुसरी वाट राज्याच्या स्वतःच्या तिजोरीची. अर्थसंकल्पाच्या खंडांत सामान्य शिक्षणाचं प्रधान शीर्ष 2202 आहे. पगार, अनुदान, पुस्तकं यांसारखा चालू खर्च त्यात असतो. इमारतींसारखा भांडवली खर्च 4202 मध्ये असतो. सार्वजनिक ग्रंथालयं 2205 मध्ये, कला आणि संस्कृतीच्या सोबत येतात. शीर्ष माहीत असलं की भलत्या दारावर टकटक होत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांची रक्कम दाखवून शाळांच्या ग्रंथालयांना पैसा दिला असं कोणी सांगितलं, तर फरक तुम्हाला लगेच दाखवता येईल.

विभागांचं वाटपही समजून घ्या. मध्य प्रदेशात पहिली ते आठवीचं काम मुख्यतः राज्य शिक्षा केंद्र पाहतं, नववी ते बारावीचं लोक शिक्षण संचालनालय. जबलपूर जिल्ह्यात सात विकासखंड आहेत: जबलपूर, पनागर, पाटण, शहपुरा, सिहोरा, मझौली आणि कुंडम. कुंडम हा आदिवासी विकासखंड आहे, आणि आदिवासी विकासखंडांतल्या शाळांशी जनजातीय कार्य विभागाचा संबंध येतो. कुंडमच्या शाळेसाठीच्या अर्जाची एक प्रत त्या विभागाला गेलीच पाहिजे. नाही तर हा आमचा विषय नाही, एवढ्या शेऱ्यावर वर्ष निघून जाईल.

काय मागायचं

ग्रंथालयांसाठी निधी वाढवावा, असं लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. किती, कशासाठी, कोणत्या शीर्षाखाली आणि कधीपर्यंत, हे चार प्रश्न सोडवणारी मागणी पुढे सरकते. माझ्या मते पाच मागण्या पुरेशा आहेत.

एक, मंजूर अनुदान पूर्ण आणि वेळेवर. पैसा फेब्रुवारीत शाळेच्या खात्यावर आला, तर 31 मार्चच्या आत तो संपवण्याची घाई होते. मग जो विक्रेता गठ्ठा आणून देईल तो घेतला जातो. अनुदान जुलैअखेर शाळेला मिळावं, ही मागणी करा. तिला नवीन पैसा लागत नाही, म्हणून ती मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दोन, दर मुलामागे रक्कम. प्राथमिक शाळेचे 5,000 रुपये 80 मुलांत वाटले, तर वर्षाला एका मुलामागे सुमारे 62 रुपये येतात. मुलांच्या पुस्तकाची सरासरी किंमत 60 रुपये धरली, तर एका मुलामागे वर्षाला एक पुस्तक. त्याच अनुदानात 40 मुलांच्या शाळेला दोन पुस्तकं मिळतात आणि 160 मुलांच्या शाळेला अर्धं. म्हणून राज्याने स्वतःच्या निधीतून पटाप्रमाणे पूरक रक्कम द्यावी, अशी मागणी करा. हा हिशेब तुमच्या शाळेच्या पटावर करून अर्जात लिहा.

तीन, ग्रंथालय सांभाळणारा माणूस. अनुदानातून पुस्तकं येतात, ती मुलांच्या हातात देणारं कोणी त्यातून येत नाही. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने शाळांच्या ग्रंथालयांचं जे चित्र नोंदवलं होतं, त्यात जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली पुस्तकं होती, आणि ती एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक अर्धवेळ सांभाळत होता. सत्तर वर्षांनंतर अनेक शाळांत हेच चित्र आहे. याच शहरातल्या केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचं स्वतंत्र पद असतं. महाराष्ट्रातले अर्धवेळ शालेय ग्रंथपाल पूर्णवेळ करण्याची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. आपण निदान मोठ्या माध्यमिक शाळांत प्रशिक्षित ग्रंथपाल मागावा. प्राथमिक शाळांसाठी जनशिक्षा केंद्रामागे एक फिरता ग्रंथालय सहायक आणि वेळापत्रकात वाचनाचा तास मागावा.

चार, हरवलेल्या पुस्तकांचा नियम. कपाटाला कुलूप का असतं, हे एखाद्या शिक्षकाला विश्वासात घेऊन विचारा. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर भरपाई आपल्या माथी येईल, ही त्याची भीती असते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये नियम 215 यावर बोलतो. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवणं वाजवी मानावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. 1,000 रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हावी. लहान मुलांच्या शाळेत तर याहून सैल नियम हवा. राज्याने शाळांसाठी असं स्पष्ट परिपत्रक काढावं. खर्च शून्य, आणि कुलूप उघडण्यासाठी याच्याइतकी परिणामकारक मागणी दुसरी नाही.

पाच, निवड शाळेच्या हाती आणि मुलांच्या भाषेत. खरेदी वरून गठ्ठ्याने न होता, यादीतून निवडण्याचा अधिकार शाळेला असावा. आपल्या राज्यात चांगली पुस्तकं काढणाऱ्या संस्था आहेत. भोपाळची एकलव्य 1982 पासून काम करते आहे आणि तिचं ‘चकमक’ मासिक 1985 पासून निघतं. एनसीईआरटीची ‘बरखा’ मालिका नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी आहे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं परवडणारी असतात. मराठी मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून सुरू आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल घटनेचा अनुच्छेद 350 क बोलतो. त्याच्या आधाराने मराठी मुलं असलेल्या शाळांत मराठी पुस्तकांचा एक कप्पा मागा, आणि त्याच अर्जात कुंडमच्या गोंड मुलांसाठी गोंडी पुस्तकांचाही मागा. आपल्या भाषेसाठी मागताना शेजाऱ्याच्या भाषेसाठी मागितलं, की मागणीला वजन येतं आणि ते न्यायाचंही आहे.

बडोद्याचा धडा

ग्रंथालयाचा पैसा मर्जीवर ठेवला तर तो येतो आणि जातो. नियमात बसवला तर टिकतो. हे आपल्याच इतिहासात दिसतं. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. मुलं शिकली आणि नंतर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरतील, हे ओळखून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी त्यासाठी स्वतंत्र खातं बसवलं. गावातल्या ग्रंथालयांसाठी नियम साधा होता: लोकांनी ठरावीक मर्यादेत जी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. ज्या गावांत काहीच नव्हतं, तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. गावाला कोणाची मनधरणी करावी लागत नव्हती, कारण रक्कम कशी ठरणार हे आधीच लिहिलेलं होतं.

आज आपण सरकारी शाळेच्या पालकांकडून वर्गणी मागावी असं मी म्हणत नाही. तो भार सरकारचाच आहे. घ्यायची गोष्ट इतकीच, की मागणी एका शाळेच्या एका वर्षाच्या रकमेची नसावी. ती सूत्राची असावी, म्हणजे दरवर्षी नव्याने हात पसरावे लागणार नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक

जुलै-ऑगस्ट: मोजणी. शाळा सुरू झाल्या की मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ग्रंथालय पाहा. किती पुस्तकं, त्यांतली गोष्टींची किती, गेल्या वर्षी नवीन किती आली, देवघेवीची वही आहे का, शेवटची नोंद कधीची, खोली आहे की कपाट, किल्ली कोणाकडे, अनुदान कोणत्या तारखेला आलं आणि बिलं कशाची आहेत. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा 11 अंकी क्रमांक असतो, मध्य प्रदेशातल्या शाळांचा 23 ने सुरू होतो. तिथे शाळेने ग्रंथालयाबद्दल दिलेली माहिती पाहता येते. कागदावरची आणि डोळ्यांनी पाहिलेली माहिती शेजारी-शेजारी लिहा. तफावत दिसली तर शिक्षकांवर तुटून पडू नका, ते आपले साक्षीदार आहेत.

याच काळात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ग्रंथालयाचा ठराव घ्या. शाळा विकास योजना आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार व्हावी, असं शिक्षण हक्क नियमांत आहे. म्हणजे डिसेंबरची वाट पाहायची नाही. ठरावात रक्कम, बाब आणि कारण लिहा, उपस्थितांच्या सह्या घ्या, प्रत स्वतःकडे ठेवा. शाळेच्या योजनेत जी ओळ नाही, ती भोपाळच्या पुस्तकात येणार नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर: अर्ज. पुढच्या वर्षाचे अंदाज तयार करण्याच्या सूचना वित्त विभाग विभागांना साधारण याच सुमारास देतो. पाच-दहा शाळांचे ठराव एकत्र करून एका पानाचं निवेदन करा. जिल्हा शिक्षण अधिकारी, जिल्हा शिक्षा केंद्राचे परियोजना समन्वयक, भोपाळचे राज्य शिक्षा केंद्र आणि लोक शिक्षण संचालनालय, स्कूल शिक्षा विभागाचे प्रमुख सचिव आणि तुमचे आमदार, सर्वांना प्रत द्या. प्रत्येक कार्यालयात आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथेही निवेदन नोंदवा.

नोव्हेंबर-डिसेंबर: पाठपुरावा. जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आकार घेत असते. समन्वयकांना भेटून आपली बाब त्यात आहे का ते विचारा. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, चालू वर्षाची राहिलेली तूट भरून काढण्याची ती संधी आहे. अर्थसंकल्पासाठी नागरिकांच्या सूचना मागवणारं आवाहन राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत केलं आहे. ते निघालं की दोन दिवसांत सूचना पाठवा, आणि दहा जणांनी एकच मजकूर न चिकटवता प्रत्येकाने आपल्या शाळेचा आकडा घालून पाठवा.

जानेवारी-फेब्रुवारी: शेवटची खिडकी. विभाग आणि वित्त विभाग यांच्यातलं देणं-घेणं संपत आलेलं असतं. आता नवीन मागणी घालायची नाही. सप्टेंबरच्या निवेदनाचा आवक क्रमांक देऊन एक स्मरणपत्र द्या आणि आमदारांना प्रश्नांचा मजकूर द्या.

मार्च: सभागृह. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एप्रिलनंतर: हिशेब. हे काम कोणी करत नाही, म्हणून मंजूर झालेला पैसाही पोचत नाही.

आमदारांकडे कसं जायचं

जबलपूर जिल्ह्यात विधानसभेच्या आठ जागा आहेत: पाटण, बरगी, जबलपूर पूर्व, उत्तर, पश्चिम, छावणी, पनागर आणि सिहोरा. आठही आमदारांना एकाच आठवड्यात एकच मागणी गेली, तर तो जिल्ह्याचा प्रश्न होतो. प्रत्येक भेटीत त्या मतदारसंघातले दोन पालक असलेच पाहिजेत. कार्यकर्त्यांचा घोळका नेऊ नका, चार माणसं पुरेत. पंधरा मिनिटांत मागणी सांगा, पान द्या, आणि उठण्यापूर्वी विचारा: आपण विभागाला पत्र द्याल का, आणि ते कधीपर्यंत? पुढच्या आठवड्यात त्या पत्राची प्रत आणायला जा.

तुमचे आमदार मंत्री असतील, तर ते सभागृहात प्रश्न विचारणार नाहीत. पण मंत्रिमंडळात बसतात. त्यांच्याकडे पत्र आणि शिक्षणमंत्र्यांशी बोलणं एवढंच मागा.

आमदार निधीतून कपाट किंवा फर्निचर देऊ, असं उत्तर हमखास येतं. नम्रपणे आभार माना, आणि लगेच सांगा की आमची मागणी विभागाच्या तरतुदीची आहे. एका शाळेला कपाट मिळालं म्हणून जिल्ह्याची मागणी सोडू नका.

निवेदनाचा सांगाडा असा ठेवा. पाठवताना हिंदीत करा, म्हणजे तो थेट फाइलवर चढेल.

विषय: शासकीय शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पात तरतूद करण्याबाबत.

महोदय, आम्ही पुढील शाळांचे पालक आणि नागरिक आहोत (शाळांची नावं, यू-डायस क्रमांक). या शाळांत एकूण इतकी मुलं आणि इतकी वाचनीय पुस्तकं आहेत. गेल्या वर्षी ग्रंथालय अनुदान इतके रुपये, अमुक तारखेला मिळालं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक आहे. कलम 22 प्रमाणे शाळा विकास योजना अनुदानाला आधार आहे, समित्यांचे ठराव सोबत जोडले आहेत. आमची विनंती अशी: अनुदान जुलैअखेर द्यावं, पटाप्रमाणे पूरक रकमेसाठी शीर्ष 2202 खाली तरतूद करावी, ग्रंथालय सांभाळण्यासाठी मनुष्यबळाची तरतूद करावी, हरवलेल्या पुस्तकांबाबत परिपत्रक काढावं, निवडीचा अधिकार शाळेला आणि मातृभाषेतल्या पुस्तकांना स्थान द्यावं. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी.

खाली सह्या, पत्ता, तारीख. याहून लांब लिहू नका.

अधिवेशनात काय करता येतं

मार्चमध्ये पैसा वाढवता येत नाही, पण सरकारकडून सभागृहात लेखी उत्तर आणि आश्वासन घेता येतं. त्याला मोल आहे. तारांकित किंवा अतारांकित प्रश्नासाठी मजकूर असा द्या, की उत्तर आकड्यांतच द्यावं लागेल: जबलपूर जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत ग्रंथालय अनुदान विकासखंडाप्रमाणे किती मंजूर झालं, किती वितरित झालं, कोणत्या तारखेला, किती शाळांत ग्रंथपालाचं पद मंजूर आहे आणि किती भरलेलं आहे. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून तो मजकूर अधिवेशनाची तारीख जाहीर होण्यापूर्वीच आमदारांच्या हाती असू द्या. शिक्षण विभागाच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे मागणी कमी करण्याचा औपचारिक प्रस्ताव, आणून विषयाकडे लक्ष वेधता येतं. लक्षवेधी सूचना देता येते. नागरिकांची याचिकाही आमदारांमार्फत सभागृहात सादर होते.

विरोधी पक्षाचा आमदार प्रश्न विचारेल, सत्ताधारी आमदार मंत्र्यांशी बोलेल. दोघेही हवेत. मुलांच्या पुस्तकांवर कोणत्याही पक्षाचा रंग चढू देऊ नका. व्यासपीठावर एकाला बोलावलं तर दुसऱ्यालाही बोलवा.

मंजुरीनंतरचं काम

अर्थसंकल्पाचे खंड वित्त विभागाच्या संकेतस्थळावर येतात. त्यांत पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा अंदाज आणि सुधारित अंदाज, आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी असतो. मोठा अंदाज पाहून खूश होऊ नका, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पाहा. अंदाज मोठा आणि खर्च लहान असेल, तर पुढच्या वर्षीच्या निवेदनाचं पहिलं वाक्य तुम्हाला मिळालं. मध्य प्रदेश सरकार 2022-23 पासून मुलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणही देतं. तेही चाळा.

शाळेपर्यंत पैसा पोचला का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. मोजके प्रश्न विचारा: विकासखंडातल्या शाळांना ग्रंथालयासाठी दिलेल्या रकमेची शाळानिहाय यादी, तारखांसह, खरेदी केंद्रीय पद्धतीने झाली असेल तर पुस्तकांची यादी आणि पुरवठादाराचं बिल, खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रं. एखाद्या शाळेला अनुदान मिळालंच नसेल, तर मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवता येते. धोरण बदलण्याच्या मागणीसाठी ती वाट नाही, अडकलेल्या पैशासाठी आहे.

पुस्तकं आली की ती मुलांच्या घरी जातात का, हे पाहणं हेही अर्थसंकल्पाचंच काम आहे. देवघेवीची वही भरलेली असेल, तर पुढच्या वर्षी वित्त विभागाचा अधिकारी मागच्या पुस्तकांचं काय झालं असं विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल. आठवड्यातून एक तास निवृत्त मंडळींनी शाळेत जाऊन पुस्तकं वाचून दाखवली, तर ती वही लवकर भरते.

काही सावधगिरी

सरकारी शिक्षकांना आचारनियम असतात. त्यांच्या सह्या निवेदनावर घेऊ नका, माहिती त्यांच्याकडून घ्या आणि आवाज पालकांचा ठेवा. मुलांना मोर्चात उभं करू नका. त्यांनी लिहिलेली, आवडत्या पुस्तकाबद्दलची दोन-चार पत्रं निवेदनाला जोडली तर चालेल.

दान आणि अर्थसंकल्प यांची गल्लत करू नका. वाढदिवसाला शाळेला पुस्तकं द्यावीत, जरूर द्यावीत. पण आपण देतोच आहोत म्हणून सरकारचं कर्तव्य संपत नाही. जुनी गाइडं आणि फाटके अंक शाळेला देऊन घर मोकळं करणं तर दान नाहीच.

खासगी अनुदानित शाळांना समग्र शिक्षेच्या वाटेवर गृहीत धरू नका. त्यांच्यासाठी अनुदानाच्या नियमांत ग्रंथालयाला किती जागा आहे, हे जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना वेगळं विचारा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच: समग्र शिक्षेचं काम तिथे महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद पाहते, अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मुंबईत येतो, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. जिल्हा नियोजन समिती ही आणखी एक जागा आहे. नावं बदलतात, क्रम तोच: शाळेचा ठराव, विभागाचा प्रस्ताव, मग सभागृह.

पहिल्या वर्षी पाचांपैकी एखादीच मागणी मान्य होईल, बहुधा पैसा न लागणारी. तिचं श्रेय अधिकाऱ्यांना जाहीरपणे द्या आणि उरलेल्या चार मागण्या घेऊन पुढच्या जुलैत पुन्हा शाळेत जा. विभागाच्या फाइलवर दुसऱ्या वर्षी तीच माणसं, तोच आकडा, आधीच्या आवक क्रमांकासह दिसली, की मागणीचं वजन बदलतं. म्हणून एकट्याने सुरुवात करू नका. या आठवड्यात तुमच्या घराजवळच्या सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, तिथल्या दोन पालकांशी ओळख करून घ्या, आणि ग्रंथालय हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घ्या.